सुहासने विचारलं तेव्हा

मी रत्नागिरीत औषधांचं दुकान चालवतो. गेल्या वर्षी शिमग्यात मला पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हाताची बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत आणि बोलताना मधेच एखादा शब्द हरवतो. समोरचा माणूस मग तो शब्द सुचवायला लागतो आणि मला ओशाळल्यासारखं होतं. लिहिताना तसं होत नाही. डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत बसलो तरी कोणी घाई करत नाही.

पक्षाघातातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी या वर्षभरात बरंच वाचलं. त्यातल्या बहुतेकांचा आजार त्यांना न विचारता आला होता. माझा तसा नाही. मी तो दुकानाच्या फ्रीजमधून काढून स्वतःच्या हाताने टोचून घेतला. म्हणून हे वाचणाऱ्याने माझी कीव करण्याआधी शेवटपर्यंत वाचावं.

यात माझ्या चुलत भावाची हकिगतही येते. त्याचं नाव मी बदललं आहे. त्याची परवानगी त्याच्या बायकोमार्फत मागितली. तिचा फोन आला, "दादा, लिहा म्हणतायत. पण लिहून झालं की त्यांना वाचायला आणून देऊ नका."

पळणं

चाळिशी ओलांडल्यावर साखर काठावर आली आणि मी पळायला लागलो. सुरुवातीला भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत, अंधार असताना, कोणी बघू नये म्हणून. मग डांबरी रस्त्यावर आलो, पावस गावाच्या बाजूला. वर्षभरात पोट गेलं, साखर खाली आली. इथवर सगळं चांगलं होतं आणि इथेच थांबलो असतो तर आज मी लोकांना पळायला सांगत फिरलो असतो.

पण मग स्पर्धा सुरू झाल्या. माझ्या वयोगटात फार माणसं नसतात. एका अर्धमॅरेथॉनमध्ये दुसरा आलो, गळ्यात पदक पडलं, दुकानात येणारी गिऱ्हाइकं औषधाची चिठ्ठी पुढे करायच्या आधी माझा हात हातात घ्यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला दुकानाबाहेरचा माणूस म्हणून ओळखत होतं. त्या गोडीचं मी काय सांगू. दोन पावसाळे गेले आणि माझी शर्यतीतली वेळ सुधारायची थांबली. कितीही पळा, ती हलेना. माझ्यामागून आलेले पुढे जायला लागले.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांना रक्त वाढवण्यासाठी एक इंजेक्शन देतात. ते एक हार्मोन आहे, निरोगी शरीर स्वतःच गरजेपुरतं तयार करतं. त्या रुग्णांना ते मिळालं नाही तर जिना चढता येत नाही. ते मी वर्षानुवर्षं विकत होतो. प्रत्येकाला बजावून सांगायचो, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक थेंब जास्त घ्यायचा नाही. मोठ्या स्पर्धांमधले खेळाडू तेच चोरून घेतात हे मला ठाऊक होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढल्या की दम लागत नाही.

दिवाळीनंतर मी ते घ्यायला सुरुवात केली. किती आणि कसं ते लिहिणार नाही.

परिणाम झाला का, असं कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. झाला. ज्या चढावर मी कमरेवर हात ठेवून उभा राहायचो तिथे आता गप्पा मारत चढायचो. लोक म्हणायचे, तोंडावर तेज आलंय. ते तेज नव्हतं, दाट झालेलं रक्त होतं. डोकं जड असायचं, बोटांना मुंग्या यायच्या. वैशाली, माझी बायको, दोनदा म्हणाली, "अहो, तोंड लाल लाल दिसतंय तुमचं, प्रेशर बघा." मी दुकानात सगळ्या गावाचं प्रेशर बघत होतो. माझं बघितलं नाही.

दोघांचं गुपित

सुहास माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. एसटीत चालक होता. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, पण आम्ही दोघंही रत्नागिरीत राहायचो आणि सुट्टीच्या पहाटे बरोबर पळायचो. त्याच्याकडे पळणं जन्मजात होतं. माझ्याकडे नुसता हट्ट होता. इतके दिवस तो पुढे जाऊन माझ्यासाठी थांबायचा. डिसेंबरात एके दिवशी मी पुढे गेलो आणि त्याच्यासाठी थांबलो.

"काय खातोस मेल्या?" त्याने वाकून गुडघ्यांवर हात टेकत विचारलं. "मोठ्या भावाला मेल्या म्हणू नये, पण तू माणसात राहिला नाहीस."

"नाचणी," मी म्हणालो.

"नाचणी मी पण खातो. माझा बैल झाला, घोडा नाही झाला."

मी सांगितलं. सांगताना मला अभिमान वाटत होता हेही इथे लिहायला हवं. एकट्याने केलेली गोष्ट चोरी वाटते. दुसरा कोणी सामील झाला की तिला प्रयोग म्हणता येतं. मला तो सामील व्हायला हवा होता.

त्याने एकच प्रश्न विचारला. "काही होत नाही ना?"

"किडनीवाल्यांना देतात, एवढ्या आजारी माणसांना. आपल्यासारख्या धडधाकटाला काय होणार?"

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने याहून चुकीचं वाक्य उच्चारलं नसेल. आजाऱ्याच्या अंगात कमी असतं म्हणून देतात, हे मला कळत होतं. पण सुहासने ते मानलं, कारण ते मी म्हणालो होतो. त्याच्या लेकीच्या तापापासून आईच्या गुडघ्यापर्यंत प्रत्येक गोळी तो मला विचारून द्यायचा. त्या आठवड्यापासून मी त्यालाही दुकानातून ते द्यायला लागलो.

आमच्याकडे आंब्याच्या कलमाला दरवर्षी मोहर यावा म्हणून बुंध्याशी संजीवक घालतात. सुहास गमतीने त्या इंजेक्शनला झाडाचं औषध म्हणायचा. फोन करून विचारायचा, "दादा, झाडाला औषध घातलंस का?" बायका आजूबाजूला असल्या तरी कोणाला काही कळायचं नाही. आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे हसायचो.

पालखी

आमच्या गावच्या शिमग्यात देवीची पालखी जमिनीत पुरलेला नारळ शोधते. याला खूण काढणं म्हणतात. नारळ कुठे पुरलाय ते पालखी उचलणाऱ्यांना ठाऊक नसतं. पालखी खांद्यावर आली की ती आपल्याला ओढत नेते, असा आमचा अनुभव आणि श्रद्धा. ती झुकेल तिकडे जायचं, अडवायचं नाही. जिथे ती खाली टेकेल तिथे माती उकरायची.

त्या दुपारी पुढच्या दांडीला उजवीकडे मी होतो, माझ्या मागे सुहास. ढोल वाजत होते. मुंबईहून आलेली सगळी माणसं मैदानात गोल करून उभी होती. ऊन कडक होतं आणि मी सकाळपासून पाणी प्यायलेलो नव्हतो. पालखी दोनदा मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. मग माझा उजवा पाय माझा राहिला नाही. दुखलं नाही, काही तुटलं नाही. पाय नुसता निघून गेल्यासारखा झाला. पालखी उजवीकडे कलली आणि मी तिच्याबरोबर.

लोकांना वाटलं, आईने दिशा दिली.

ढोलाचा ठेका वाढला. बाकीचे तिघं, रीत आहे तसे, पालखीबरोबर उजवीकडे वळले. मी फरपटत होतो आणि ते मला फरपटू देत होते, कारण त्यांच्या लेखी मी चालत नव्हतो, मला नेलं जात होतं. मी गुडघ्यावर आलो तेव्हा पालखी टेकली. कोणीतरी ओरडलं, "हितंच हाय, हितंच." दोघांनी माझ्या पायाशी माती उकरायला घेतली.

मी बोलायला गेलो. तोंडातून जो आवाज आला तो शब्द नव्हता. गावचे गुरव, माझ्या वडिलांच्या वयाचे, माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "हात लावू नका त्याला. आई बोलतेय." माझ्या कपाळाला अंगारा लागला. बायका पदर पुढे करून नमस्कार करायला लागल्या. मला सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं. उकरलेल्या खड्ड्यात नारळ नाही म्हणून लोक चुळबुळत होते, आणि तरीही वाट बघत होते, मी काय सांगतोय त्याची.

माझ्या तोंडाची एक बाजू ओघळलेली सुहासला दिसली. "देवी नाही, झटका आलाय त्याला," तो म्हणाला आणि गुरवांना बाजूला सारून त्याने मला पाठीवर घेतलं. देवीसमोर म्हाताऱ्या गुरवाला ढकललं म्हणून गावातली काही माणसं अजून त्याच्याशी बोलत नाहीत. माझा जीव वाचला तो त्याच्यामुळे.

कोणाची तरी व्हॅन होती, ती त्यानेच चालवली. हायवेच्या खोदकामातून त्याने ती गाडी कशी काढली ते मला आठवत नाही. आठवतो तो आरशात दिसणारा त्याचा चेहरा. मागच्या सीटवर वैशाली माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. सुहास आरशातून माझ्याकडे बघत होता आणि बघण्यात एक प्रश्न होता. तिच्यादेखत तो विचारू शकत नव्हता, आणि मला उत्तर देता आलं नसतं.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस एकसारखे असतात. सकाळी फिनेलचा वास आला की उजाडलं असं समजायचं. मग प्रेशर, मग सुई, मग डॉक्टरबाईंची फेरी. त्या तरुण होत्या आणि घाईत असूनही खाटेवर टेकून बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वैशालीला बाहेर न नेता माझ्यासमोर सांगितलं की मेंदूत गुठळी झाली आहे, आणि रक्त इतकं दाट आहे की तसं त्यांनी क्वचितच पाहिलंय.

"सिगारेट ओढतात?"

"छे हो."

"कुठली इंजेक्शनं, ताकदीची औषधं वगैरे?"

"काही नाही हो. चहासुद्धा सोडलाय त्यांनी. रोज पळतात." वैशालीच्या आवाजात त्याही वेळी अभिमान होता. मी छताकडे बघत होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या की मग हा अस्थिमज्जेचा आजार असू शकतो, शरीर स्वतःहून जास्त रक्त बनवत असेल. तपासणी मुंबईला पाठवावी लागेल. वैशालीने विचारलं, "म्हणजे कॅन्सर?" त्या म्हणाल्या, "त्याच घराण्यातला, पण आत्ताच तसं म्हणू नका." वैशालीने पुढचं वाक्य ऐकलं नाही.

रक्त पातळ व्हावं म्हणून माझ्या हातातून पिशवीभर रक्त काढलं. "हे कोणाला देतात?" वैशालीने सिस्टरला विचारलं. "कोणाला नाही ताई, टाकून देतात." ज्या रक्तासाठी मी सुई टोचून घेतली होती, ते पिवळ्या डब्यात गेलं.

शब्द सगळे सांडले होते. चमच्याला मी बांगडा म्हणायचो, उशीला बांगडा म्हणायचो. वैशाली एकदा म्हणाली, "अहो, मी वैशाली, बांगडा नाही," आणि हसता हसता खिडकीकडे वळली. ती रोज घरून पेज करून आणायची, भाताची, मीठ घातलेली, आणि तीच मला गिळता यायची. शेजारच्या खाटेवर गुहागरकडचे एक सुपारीचे बागायतदार होते, ते त्यांचा टेबलफॅन दुपारभर माझ्याकडे वळवून ठेवायचे आणि स्वतः वर्तमानपत्राने वारा घ्यायचे. ते घरी गेले तेव्हा फॅन ठेवून गेले. आजारपणात माणसं अशी वागतात. मी त्या वागण्याला पात्र नव्हतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते आणखी टोचायचं.

नाही

सुहास ड्युटी संपली की खाकी कपड्यांतच यायचा. एके संध्याकाळी वैशाली डबा धुवायला गेली होती. त्याने मोसंबं सोलायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, एक विचारू? तुला बोलायला त्रास होत असेल तर मान हलव."

मी मान हलवली.

"वहिनी म्हणते हा रक्ताचा आजार आहे, हाडातून येतो. डॉक्टरबाई पण तसंच म्हणाल्या. म्हणजे याचा आपल्या औषधाशी काही संबंध नाही ना? मला झोप लागत नाही रे. माझ्याकडे अजून आहे ते. पुढच्या स्पर्धेला नाव घातलंय मी. पण तू सांगशील तसं."

त्या दिवसांत माझ्या तोंडून धड निघणारे शब्द फार थोडे होते. तो शब्द स्वच्छ निघाला.

"नाही," मी म्हणालो.

त्याचे खांदे खाली आले. "बरं झालं विचारलं," तो म्हणाला आणि मोसंबीची एक फोड बिया काढून माझ्या तोंडात घातली.

मी का खोटं बोललो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दुकानाचा परवाना जाईल ही भीती होती. पदकं दिलेली माणसं काय म्हणतील ही लाज होती. पण सगळ्यात खरं कारण वेगळं आहे. आजारी पडल्यापासून सगळे माझ्याशी इतके प्रेमाने वागत होते. आजार आपोआप आलेला असेल तरच ते प्रेम माझं होतं. मला तो आजार हवा होता. मी स्वतः त्यावर अर्धा विश्वास ठेवायला लागलो होतो. सुहासला खरं सांगणं म्हणजे तो आजार हातातून सोडणं.

घरी आल्यावर मुंबईचा अहवाल आला. त्यात आजाराची खूण सापडली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, याने पूर्ण खात्री होत नाही, आणखी तपासण्या करू. वैशालीने त्यातलं "खात्री होत नाही" एवढंच धरून ठेवलं. तिने देवीला नवस बोलला, सोमवार धरले, आमच्या लेकीचं रक्तही तपासून घेतलं, कारण कोणीतरी सांगितलं की असे आजार घराण्यातून येतात. लेकीच्या हातात सुई गेली तेव्हा मी त्याच खोलीत बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

सुहास फोनवर म्हणायचा, "दादा, पळणं मस्त चाललंय. तू बरा झालास की तुला गाडीतून नेतो बघायला." मी म्हणायचो, "जप." एवढंच. जप म्हटलं की मला काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

आरसा

मे महिन्यात एका सकाळी सुहासने डेपोतून गाडी काढायला घेतली. त्याला डाव्या बाजूचा आरसा काळपट दिसला. खाली उतरून त्याने फडक्याने पुसला. परत बसला, परत काळपट. पुन्हा उतरला. कंडक्टर म्हणाला, "काय हो, आरसा चकचकीत आहे, तुम्ही काय घासताय?" सुहासने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि त्याला समोरची गाडी दिसेना. मागे माणसं बसलेली होती, पोरंबाळं, आंब्याच्या पेट्या. तो किल्ली काढून खाली उतरला.

त्याच्या डाव्या डोळ्यामागच्या शिरेत गुठळी झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि विचारलं, काही घेता का. सुहासने त्याच क्षणी सगळं सांगितलं. घरी जाऊन उरलेल्या बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. मला जे जमलं नाही ते त्याने प्रश्न संपायच्या आत केलं. नजर परत आली नाही. एका डोळ्याच्या माणसाला प्रवासी गाडी चालवता येत नाही. त्याला आता डेपोतच बसतं काम दिलंय.

त्याची बायको सुप्रिया हिने वैशालीला फोन केला. मी समोर खुर्चीत रबरी चेंडू दाबत बसलो होतो. वैशालीने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सुहासभावजी म्हणतायत ते खरं आहे?"

"हो."

"तुम्हीपण?"

"हो."

"म्हणजे कॅन्सर नव्हता."

"नव्हता."

मला वाटलं ती सुटल्यासारखी रडेल. ती म्हणाली, "मी रोज सकाळी उठून तुमचा श्वास चालू आहे का बघायचे. तुम्ही जागे असायचात. तुम्ही बघत असायचात, मी बघतेय ते."

त्यानंतर ती आत जाऊन कुकर लावायला लागली. तिने मला सोडलं नाही, मारलं नाही, माहेरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "आता तुमच्या तोंडाने सांगा." मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी औषधं बदलली, पुढच्या तपासण्या रद्द केल्या आणि एकच गोष्ट बोलल्या. "पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी विचारलं असतं, हे अजून कोण कोण घेतंय."

हे वाचणारा कोणी असं काही घेत असेल तर त्याच्यासाठी मी एवढंच लिहीन. थांब, आणि आजच डॉक्टरांना सांग. दाट रक्ताची वेदना होत नाही, म्हणून वाट बघू नकोस. आणि दुसऱ्या कोणाला दिलं असशील तर डॉक्टरांच्या आधी त्याला फोन कर. घरचे रागावतील, तो राग सोसण्यासारखा असतो. मी तो सोसतोय म्हणून सांगतो.

सुहासची पडवी

त्याच्याकडे जायला मला पाऊस संपेपर्यंत धीर झाला नाही. काठी टेकत गेलो. तो पडवीत बसला होता. मोकळी खुर्ची त्याच्या डाव्या हाताला होती, तिच्यात बसलो. त्या बाजूने त्याला दिसत नाही हे मला बसल्यावर लक्षात आलं. माझ्याशी बोलायला त्याला मान पूर्ण वळवावी लागत होती. दर वेळी तो वळवत होता.

"हात कसा आहे?"

"बटण लागतं आता."

"मग नवरदेवच झालास. मला सुप्रिया चहा ओतू देत नाही. कपाच्या बाहेर जातो. म्हणते, डोळा गेला त्याचं दुःख आहे, पण माझी चादर किती वेळा धुवू." तो हसला. आत सुप्रियाचा मिक्सर चालू होता.

मी म्हणालो, "सुहास, त्या दिवशी तू विचारलंस."

"ते जाऊ दे."

"तू विचारलंस आणि मी..."

"अरे, तेव्हा तुझं काय खरं होतं?" त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "वहिनी पाणी हवं का विचारायची, तू नाही म्हणायचास आणि लगेच तांब्याकडे हात करायचास. मी डोळ्यांनी बघितलंय. हो आणि नाहीचा घोळ होता तुझा. माझ्याशीपण तेच झालं असणार. मी सुप्रियाला तेच सांगितलंय. दादाला हो म्हणायचं होतं, तोंडातून उलटं आलं."

पाण्याचं तो म्हणाला ते खरं होतं. तसं व्हायचं. त्याने किती दिवस बसून हे शोधून काढलं असेल ते मला त्याच्या आवाजावरून कळलं. डोळा गेल्यावर, गाडी गेल्यावर, त्या खुर्चीत बसून त्याने माझ्यासाठी एक वाट तयार करून ठेवली होती. मला काही बोलावंही लागणार नव्हतं. फक्त मान हलवायची होती. मग तो डोळा माझ्या आजाराने गेला असता, माझ्यामुळे गेला नसता, आणि आम्ही पुन्हा भाऊ राहिलो असतो.

शब्द मिळायला वेळ लागला. तो थांबला, त्याने कुठलाच शब्द सुचवला नाही.

"घोळ नव्हता," मी म्हणालो. "तू काय विचारतोयस ते मला कळत होतं. मला नाहीच म्हणायचं होतं."

आतला मिक्सर थांबला होता. सुप्रिया दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. सुहास समोर बघत होता, अंगणाच्या दगडी गडग्याकडे. मी वाट बघितली, त्याने मान वळवण्याची. त्याने वळवली नाही. बऱ्याच वेळाने मी काठी उचलली आणि उठलो, आणि माझ्या उठण्याचा आवाज त्याला ऐकू गेला असणार, तरीही तो समोरच बघत राहिला.